तुरी अजून बाजारातच आहेत

ताई, नमस्कार.

मी मूळचा सातारचा, गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. २००९ च्या थंडीत ऑफिसातल्या एकानं न्यू यॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या मॅचला नेलं आणि हे खूळ डोक्यात शिरलं ते निघालंच नाही. तेव्हा लागोपाठ दोन वर्षं जेट्स सुपर बोलच्या, म्हणजे सीझनच्या फायनलच्या, उंबऱ्यावरून परत आले. मला वाटलं, तिसऱ्या वर्षी आत जाणारच. जानेवारी २०११ मध्ये पिट्सबर्गशी हरलो तेव्हा माझा मुलगा पाळण्यात होता. आता तो पंधरा वर्षांचा आहे आणि जेट्स त्यानंतर एकदाही प्लेऑफला गेलेले नाहीत.

यंदा, २०२५ च्या सीझनला, पहिल्या सातही मॅच हरलो, आठवी कशीबशी जिंकलो. ४ नोव्हेंबरला टीमनं सॉस गार्डनर आणि क्विनन विल्यम्स, म्हणजे आमच्याकडचे दोन खणखणीत खेळाडू, एका दिवसात दुसऱ्या टीमना देऊन टाकले. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बातमी तीनदा वाचली. घरी आलो तर चिरंजीव खुशीत. "बाबा, दोन वर्षांत पाच फर्स्ट राउंड पिक!" (म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू पहिल्या फेरीत निवडायचे पाच हक्क.) त्या शनिवारी मंडळाची दिवाळी होती. जेवताना माझा मेव्हणा (तो जायंट्सवाला, म्हणजे न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या टीमचा) म्हणाला, "पंधरा वर्षं तुमचं रीबिल्डिंग चाललंय. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंटसुद्धा त्याआधी झालं." सगळे हसले. मुलगा मामाला असं काही उलटून बोलला की टेबल गप्प झालं. दुसऱ्या दिवशी जेट्स क्लीव्हलँडविरुद्ध चक्क जिंकले. मी सोफ्यावरून उडालो, आणि हा तोंड पाडून म्हणतो, "ही हरायला पाहिजे होती." माझं डोकं फिरलं. म्हटलं, हरण्यात आनंद मानणारा माणूस माझ्या घरात नको. तेव्हापासून तो मॅच बघायला खाली येत नाही. बायको म्हणाली, ताईंना लिहा.

टीमनं केलं ते बरोबर की चूक? आणि या मुलाचं मी काय करू?

– हिरव्या जर्सीतला बाप

हिरव्या जर्सीतल्या बाबांना,

तुमचं पत्र आलं तेव्हा जेट्सच्या नावावर दोन विजय आणि सात पराभव होते. मी उत्तर लिहायला बसेपर्यंत गुरुवारी रात्री न्यू इंग्लंडनं आठवा पदरात घातला. मध्ये जायंट्सनी आपल्या कोचला नारळ दिला, तेव्हा तुमच्या मेव्हण्यांचं डोंबिवलीपुराण सध्या बंद असावं अशी आशा करते. एकाच स्टेडियममध्ये आलटून पालटून हरणाऱ्या दोन टीमच्या लोकांनी एकमेकांना टोमणे मारायचे, याला काय म्हणावं!

पण हरण्याच्या विषयात तुम्ही माझ्यापुढे अजून बिगरीत आहात. मी डेट्रॉइटची. म्हणजे माहेर मिरज, पण पंचवीस वर्षं इथं नोवायमध्ये काढलीत. आमचे हे लायन्सवाले, म्हणजे इथल्या टीमचे. १९५७ मध्ये लायन्सनी चॅम्पियनशिप जिंकली, आणि तेव्हापासून जानेवारी २०२४ पर्यंत त्यांनी प्लेऑफची मॅच किती वेळा जिंकली असेल? एकदा. १९९२ च्या जानेवारीत. तुम्ही पंधरा वर्षांचं सांगताय.

२००८ चं साल तर मी विसरूच शकत नाही. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या चारही सरावाच्या मॅच लायन्स जिंकले होते. यांनी शेजारच्या गुजराती कुटुंबाला घरी बोलावून सांगितलं होतं, यंदा बघा. मग सोळा मॅच झाल्या आणि सोळाच्या सोळा हरले. एखादी चुकून जिंकतील असं वाटायचं, तीही नाही. लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियमात बसायचे, डोळ्यांना दोन भोकं पाडून. त्यातच गाड्यांच्या धंद्याचं कंबरडं मोडलेलं. यांच्या कंपनीत दर शुक्रवारी कुणीतरी खोका घेऊन घरी जायचं. रविवारी दुपारी हे हॉलमध्ये बसत, टीव्हीचा आवाज बंद करून, आणि मी स्वयंपाकघरातून यांच्या खुर्चीच्या आवाजावरून ओळखायची की आपल्यावर अजून एक टचडाउन, म्हणजे इथला गोल, बसलं. तेव्हा तुमचं पार्किंगमध्ये गाडीत बसून बातमी वाचणं मला नीट कळतं. मला ते हास्यास्पद वाटलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. ज्या वाचकांना फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा खेळच आठवतो (कोल्हापूरकरांनो, तुमचं बरोबरच आहे, पण हा हातात चेंडू घेऊन धावायचा अमेरिकन प्रकार), त्यांच्यासाठी दोन ओळी. इथं आयपीएलसारखा लिलाव नसतो. दर एप्रिलमध्ये कॉलेजातल्या पोरांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि ही पंगत उलटी असते. जो सगळ्यात उपाशी, म्हणजे जो सगळ्यात जास्त हरला, त्याला पहिलं वाढायचं. शिवाय प्रत्येक टीमला पगारासाठी ठरावीक रक्कम, यंदा २७ कोटी ९२ लाख डॉलर. मालक कितीही गब्बर असो, त्यापुढे हात सैल सोडायची सोय नाही. त्यामुळे दिवाळखोर टीमनं घरातलं सोनं मोडून पुढच्या वर्षांचे नंबर घ्यायचे, ही जुनी चाल आहे. रीबिल्ड म्हणतात ते हेच.

जेट्सनी गार्डनर इंडियानापोलिस कोल्ट्सला दिला. त्याच्या बदल्यात कोल्ट्सचे २०२६ आणि २०२७ चे पहिल्या राउंडचे नंबर आणि एक तरुण रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. विल्यम्स डॅलसला गेला, त्याचे २०२७ चा पहिला राउंड, २०२६ चा दुसरा राउंड आणि वर एक खेळाडू. आपले स्वतःचे दोन धरले तर मुलाचा पाचाचा हिशेब बरोबर आहे. आणि मला विचाराल तर सौदाही बरोबर आहे. मुलाच्या बाजूनं एवढं एक मत लिहून घ्या.

कारण बघा. गार्डनरचं काम काय? समोरच्यांचा सगळ्यात धोकादायक रिसीव्हर बांधून ठेवायचा. ते तो उत्तम करतो. पण तुमची टीम चौदा गुणांनी मागे असेल तर समोरचे त्या बाजूला चेंडू टाकतच नाहीत, निवांत धावत घड्याळ संपवतात. यंदा जुलैमध्येच त्याच्याशी चार वर्षांचा, १२ कोटी ४ लाख डॉलरचा करार झाला होता. घराला छप्पर नाही आणि दाराला सागवानी चौकट, अशी गत. ज्या टीमनं क्लीव्हलँडवरचा तो विजय मिळवला, त्या टीमच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूनं, अख्ख्या मॅचमध्ये हवेतून जेमतेम ५४ यार्ड काढले. समोरच्यांनी लाथेनं मारलेले दोन चेंडू, एक किकऑफ आणि एक पंट, थेट परत नेऊन टचडाउन केले म्हणून जिंकलात. ते पुन्हा पुन्हा होत नसतं.

तुम्हाला काय लागलंय तेही दिसतंय हो. २०२२ मध्ये गार्डनर आणि गॅरेट विल्सन या तुमच्या दोन पोरांना एकाच वर्षी बचाव आणि आक्रमण अशी दोन्ही बाजूंची 'सर्वोत्तम नवोदित' बक्षिसं मिळाली. इतकी वर्षं वाळवंटात चालून पहिल्यांदा विहीर दिसली होती. तीन वर्षांत त्यातला एक गेला. आणि त्याआधी दहाच दिवस निक मॅनगोल्ड गेला, खरोखरचा गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. तुम्ही २००९ मध्ये पहिल्यांदा स्टेडियमात बसलात तेव्हा सेंटरला चेंडू हातात घेऊन वाकलेला असायचा तो हाच. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत, पण मला वाटतं त्या आठवड्यात तुम्ही जे काही बोललात त्यात तोही होता.

आता चिरंजीवांची पाळी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण त्याला कधी सांगितलीत का? पाच पिक म्हणजे पाच खेळाडू नव्हेत, पाच चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या एकीवरही अजून नंबर लिहिलेला नाही. कोल्ट्स आज जिंकतायत म्हणजे ते असेच जिंकत राहिले तर त्यांचा २०२६ चा नंबर पंगतीच्या शेवटी येईल. आणि चिठ्ठीतून काय निघतं हे जेट्सवाल्यांनी तरी कुणाला शिकवायला नको. २००९ ला पाचव्या नंबरवर सँचेझ, २०१८ ला तिसऱ्यावर डार्नल्ड, २०२१ ला दुसऱ्यावर झॅक विल्सन. तीन क्वार्टरबॅक, तिन्ही वेळा हेच बँडबाजे.

त्याला २०२० ची गोष्ट माहीत असेल, तरी पुन्हा सांगा. त्या उन्हाळ्यात जेट्सनी असाच एक मोठा खेळाडू, जमाल अ‍ॅडम्स, सिअ‍ॅटलला दिला आणि दोन पहिल्या राउंडचे नंबर घेतले. मग पहिल्या तेराही मॅच हरले. ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा पोरगा कॉलेजातून यायचा होता, सगळे म्हणत होते असा क्वार्टरबॅक दहा वर्षांत एकदा येतो, आणि तो जेट्सचा ठरल्यातच जमा होता. आणि डिसेंबरात जेट्स लॉस एंजेलिसला जाऊन रॅम्सना हरवून आले! पुढच्या आठवड्यात क्लीव्हलँडच्या ब्राउन्सनाही. न्यू जर्सीत त्या रात्री लोक जिंकल्याचं सुतक पाळत होते. पहिला नंबर जॅक्सनव्हिलला गेला, लॉरेन्स तिकडे गेला, जेट्सना झॅक विल्सन मिळाला. तुमचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. "ही हरायला पाहिजे होती" हे वाक्य त्यानं स्वतः काढलेलं नाही, ते तुमच्या गावात पाच वर्षं हवेत आहे.

पण त्या गोष्टीला शेपूट आहे. अ‍ॅडम्सच्या बदल्यात मिळालेल्या नंबरांपैकी २०२२ चा जो दहावा होता, त्यावर गॅरेट विल्सन आला. म्हणजे तो सौदा चांगला झाला. ड्राफ्टही चांगला झाला. तरी २०२४ मध्ये पाच विजय, बारा पराभव. मग चुकलं कुठे?

माझ्या मते, कुंडीत. रोपं नर्सरीतून बरी आणली होती, कुंडीत मातीच नव्हती. डार्नल्डला जेट्सनी तीन वर्षांत टाकून दिला. तोच २०२४ मध्ये मिनेसोटाला चौदा मॅच जिंकून देतो. जीनो स्मिथ तुमच्याकडे असताना लोक त्याला हसायचे, सिअ‍ॅटलला गेला आणि तिशी उलटल्यावर त्याचं सोनं झालं. एखादं रोप जळलं तर रोपाचा दोष म्हणता येईल. दोन रोपं शेजारच्या गॅलरीत जाऊन बहरली तर आपल्या पाण्याकडे बघायला हवं. या पंधरा वर्षांत कोच किती बदलले? रेक्स रायन गेले, मग बोल्स, मग गेस, मग सालेह, आणि सालेहना तर पाच मॅचनंतर सीझनच्या मध्यात. प्रत्येक नवा कोच येतो, त्याला वेगळ्या जातीचे खेळाडू हवे असतात, आधीच्याची पेरणी हा नांगरून टाकतो. यंदा ऑक्टोबरात मालकांनीच स्वतःच्या क्वार्टरबॅकला पत्रकारांसमोर चार शब्द सुनावले. घरच्या म्हाताऱ्यानं पाहुण्यांसमोर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, तसं वाटलं मला ते.

इथं मला डेट्रॉइटचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तुम्हालाही ते ऐकायलाच हवं, कारण तुमचे आत्ताचे कोच अ‍ॅरन ग्लेन आमच्याकडून आलेत. तरुणपणी ते जेट्ससाठीच खेळले, पण कोचिंगमध्ये मोठे झाले ते इथं.

आमचं रीबिल्ड दोनदा झालं. पहिलं त्या सोळा पराभवांनंतर. पंगतीत पहिला नंबर मिळाला, मॅथ्यू स्टॅफर्ड आला, आणि निवड अगदी बरोबर होती. बारा वर्षं तो इथं राबला. कॅल्विन जॉन्सनसारखा रिसीव्हर जोडीला. बारा वर्षांत प्लेऑफचा एकही विजय नाही. म्हणजे पहिला नंबर, योग्य माणूस, दोन्ही असून काही झालं नाही. मुलाला हे जरा सावकाश वाचायला द्या.

दुसरं २०२१ मध्ये. स्टॅफर्ड रॅम्सना दिला, बदल्यात दोन पहिल्या राउंडचे, एक तिसऱ्या राउंडचा नंबर आणि जॅरेड गॉफ. हा गॉफ तिकडे नकोसा झालेला. (तुमच्या तेरा-पराभववाल्या जेट्सकडून महिनाभर आधी हरलेला रॅम्सचा क्वार्टरबॅक हाच बरं का.) स्टॅफर्ड पहिल्याच वर्षी तिकडे सुपर बोल जिंकला. यांनी ती मॅच उभ्यानं पाहिली, बसले नाहीत. इकडे लायन्स तीन जिंकले, तेरा हरले, एक बरोबरीत. ग्लेन तेव्हा आमच्या बचावाचे प्रमुख होते. पुढच्या वर्षी पुन्हा एक विजय, पाच पराभव अशी सुरुवात. रेडिओवर लोक आमच्या कोचना, कॅम्पबेलना, हाकला म्हणून ओरडत होते, आणि त्या ओरडणाऱ्यांत एक फोन नोवायहून गेलेला होता, नाव सांगत नाही. तेव्हा मालकीणबाई, फोर्ड घराण्यातल्या, पत्रकारांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझा या लोकांवर विश्वास आहे. आणि खरंच कॅम्पबेलना काढलं नाही. मला विचाराल तर आमच्या रीबिल्डमधला सगळ्यात मोलाचा दिवस तो. बाकी नंबर वगैरे सगळ्यांनाच मिळतात.

अर्थात निवडही चोख झाली. रॅम्सच्या एका नंबरवरून मागे सरकून त्याचे दोन केले, त्यातून जमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा आले. अमॉन-रा सेंट ब्राउन तर चौथ्या राउंडला, ११२ व्या नंबरला मिळाला, तोपर्यंत सोळा रिसीव्हर इतरांनी उचलले होते. त्या सोळाही जणांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. असा माणूस घरात हवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खरं तर तोच पहिला.

५ डिसेंबर २०२१. आमच्या भागात तो आठवडा फार वाईट होता. ऑक्सफर्डच्या शाळेत गोळीबार झाला होता, चार मुलं गेली होती, सगळ्या आया पोरांना शाळेत सोडून गाडीतच रडत बसायच्या. लायन्स तोवर एकही मॅच जिंकले नव्हते. मी पिठलं घोटत होते. हे म्हणाले, अगं ये, चार सेकंद राहिलीत. मी हातातला चमचा घेऊनच हॉलमध्ये गेले. गॉफनं चेंडू फेकला, सेंट ब्राउननं घेतला, मिनेसोटावर २९-२७. हे काही बोलले नाहीत, सोफ्याच्या हाताला धरून नुसते उभे राहिले. पिठलं करपलं. मॅचनंतर कॅम्पबेलनी तो विजय ऑक्सफर्डच्या लोकांना दिला, मुलांची नावं घेऊन.

तुमच्या चिरंजीवांच्या हिशेबानं ती मॅच हरायला हवी होती. आणि सीझनच्या शेवटच्या रविवारी आम्ही ग्रीन बेलाही हरवलं, तीही हरायला हवी होती, कारण त्या एका विजयानं पहिला नंबर हातचा गेला, जॅक्सनव्हिलला. मग दुसऱ्या नंबरला आम्हाला कोण मिळालं? एडन हचिन्सन. इथलाच, मिशिगनचा पोरगा. आज डेट्रॉइटमध्ये कुणालाही विचारा, पहिला नंबर हवा होता का म्हणून. हसतील.

तेव्हा हरून नंबर मिळवावा हा हिशेब कागदावर जेवढा नीट दिसतो तेवढा तो नीट नसतो, एवढं त्याला दाखवता येईल. आणखी एक. मैदानावरचा कुणीही हरायला खेळत नसतो. यातल्या बहुतेकांचा करार पुढच्या वर्षी मोडता येतो, रविवारची फिल्म हीच त्यांची बायोडेटा. किकऑफ घेऊन नव्व्याण्णव यार्ड धावलेल्या माणसाला कुणी सांगायचं की बाबा, जरा अलीकडे पड, एप्रिलमध्ये आम्हाला बरं पडेल?

हे सगळं सांगा, पण भांडणात नको. आणि त्याआधी तुमचं एक काम आहे. "असा माणूस माझ्या घरात नको" हे वाक्य परत घ्या. अहो, पंधरा वर्षांच्या मुलाला घराबाहेर काढायची भाषा, आणि कशासाठी, ब्राउन्सच्या मॅचसाठी? त्याच्या खोलीच्या दारात उभे राहून "मी चुकलो" म्हणा. पुढे 'पण' लावू नका. मुलांना तो 'पण' बरोबर ऐकू येतो. मामाची माफी त्यानं मागायची, ती त्याची त्यानं. तुम्ही मध्ये पडू नका, आणि मेव्हण्यांनाही बजावा की ती मागायला आला तर डोंबिवली काढायची नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही ही टीम चांगली खेळताना पाहून तिच्या प्रेमात पडलात. तुमच्याकडे दोन जानेवारी आहेत, पाठोपाठच्या. त्याच्याकडे एकही नाही. त्याला वारशात मिळालंय ते तुमचं रविवारचं तोंड. मग त्यानं स्वतःचा सण शोधला: एप्रिल. तिथं जेट्स दर वर्षी आघाडीवर असतात, तिथं त्याला सगळ्या पोरांची नावं, उंची, वजनं पाठ आहेत, तिथं तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. हे पराभवावरचं प्रेम नाही. तो टीम सोडून कॅन्सस सिटीच्या जर्सीत गेला असता तर मी काळजी केली असती. वर्गातली निम्मी पोरं गेली असतील. हा अजून हिरव्यातच आहे, आणि मामासमोर त्याच टीमसाठी भांडला. तुमच्या बाजूनंच भांडला तो, तुमच्या लक्षात आलं का?

रोजचं भांडण थांबवायला आमच्या घरचा उपाय सांगते. २०२१ मध्ये आमचं आणि जावयाचं असंच वाजायला लागलं, तेव्हा मी दोघांना वाण्याच्या बिलाच्या पाठीमागे लिहायला लावलं. कधीपर्यंत काय झालं तर रीबिल्ड खरं, आणि काय झालं नाही तर थाप. सही आणि तारीख. यांनी लिहिलं, "२०२३ ला प्लेऑफ नाही तर टीव्ही विकीन." जावयानं लिहिलं, "कॅम्पबेल २०२२ संपेपर्यंत टिकत नाही." कागद फ्रिजवर गेला आणि घर शांत झालं. कुणी बोलायला लागलं की मी फ्रिजकडे बोट दाखवायची. १४ जानेवारी २०२४ च्या रात्री, स्टॅफर्ड स्वतः समोर रॅम्सच्या जर्सीत उभा असताना, लायन्स २४-२३ जिंकले तेव्हा यांनी तो कागद काढला. त्यावर हळदीचे डाग होते. आता ड्रॉवरमध्ये आहे, गॅसच्या बिलांबरोबर. जावई लायन्सची टोपी घालून आला होता आणि लिहिलेलं नाकारत होता.

लगेच हुरळून जाऊ नका. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अर्ध्या वेळेला २४-७ पुढे होतो. मी बासुंदी आटवायला ठेवली. हरलो ३४-३१. ती बासुंदी आम्ही तीन दिवस न बोलता संपवली. पुढच्या वर्षी पंधरा जिंकले, दोनच हरले, आणि प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला घरच्या मैदानावर वॉशिंग्टननं पंचेचाळीस घातले. लायन्स आजवर सुपर बोल खेळलेलेच नाहीत. यशस्वी रीबिल्ड म्हणतात ते हे असं असतं. तुमचा मुलगा २०२७ चं जे चित्र रंगवतोय त्यात हे पान बहुधा नसेल.

तुमच्या कागदावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण विजयांचा आकडा लिहू नका, तो यंदा आणि पुढच्या वर्षी काहीच सांगणार नाही. मी असते तर हे लिहिलं असतं: ग्लेन आणि त्यांच्याबरोबरच आलेले जनरल मॅनेजर, दोघं जानेवारी २०२७ ला अजून नोकरीवर आहेत का. पुढचा क्वार्टरबॅक, ड्राफ्टमधला असो की बाहेरचा, त्याला दोन वर्षं तोच माणूस शिकवतोय का. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडची पोरं मैदानात दिसतायत का. आणि मालक गप्प आहेत का. या चौथ्यावर माझी पैज लावायची तयारी नाही. मुलाला त्याचं लिहू द्या, मेव्हण्यांनाही एक कोरा कागद द्या, त्यात जायंट्सचंही लिहायला लावा. ड्राफ्ट एप्रिलमध्ये पिट्सबर्गला आहे, त्या रात्री रिमोट मुलाच्या हातात आणि तुम्ही श्रोते. रविवारी मॅच चालू असताना मात्र घरात समोरच्या टीमसाठी टाळी नाही, नंबरांचा हिशेब घड्याळ संपल्यावर. एवढा एक नियम तुमचा.

३० नोव्हेंबरला अटलांटा तुमच्याकडे खेळायला येतंय, थँक्सगिव्हिंगचा रविवार आहे. दोन विजयांच्या टीमची तिकिटं कोण घेतंय? स्वस्तात मिळतील. तीन काढा. ईस्ट रदरफर्डच्या त्या स्टेडियमात वरच्या मजल्यावर वारा हाडात शिरतो म्हणतात, तेव्हा सगळ्यांनी आतून थर्मल घाला आणि फराळाचा उरलेला चिवडा आदल्या रात्रीच गाडीत ठेवा. तिसरं तिकीट मेव्हण्यांचं. त्यांनी हिरवी टोपी घालायची की नाही, हे मुलाला ठरवू द्या.

– ताई